सकाळी सहाचा आकडा

मंगळवारी सकाळी साडेसातला दवाखान्यातून फोन आला, मुकुंदरावांची बायको वेदवती गेली. त्यांनी कागद-पेन घेतलं. जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात त्यांचं सगळं नोकरीचं आयुष्य गेलेलं. रडणाऱ्या पाहुण्यांना ते म्हणाले, "तेरा दिवसांत तिचं नाव प्रत्येक यादीतून उतरवतो. बघाच!"

आणि लागलेही कामाला! रेशन झालं, गॅस झाला, मतदार यादी झाली. अडलं ते साखरेच्या यादीपाशी.

एका मेडिकल कॉलेजनं त्यांच्या गावच्या, कुंभकोणमच्या, लोकांनाच बरोबर घेऊन मधुमेहाचा अभ्यास चालवला होता. कोणत्या वस्तीत आजार जास्त, औषध कुठं पोचतं आणि कुठं नाही, हे शोधायचं. घरोघरी बोटभर यंत्र दिलेलं. बोट टोचायचं, थेंब लावायचा, की आकडा नावासकट कॉलेजात आणि घरच्यांच्या फोनवर हजर!

बुधवारी सकाळी सहाला मुकुंदरावांचा फोन वाजला. "वेदवती. २९४."

काल संध्याकाळीच ते तिला अग्नी देऊन आले होते.

गुरुवारी २८८. शुक्रवारी ३०१. रोज सहाच्या ठोक्याला! मुकुंदरावांनी घाबरत तिचं कपाट उघडलं. यंत्राची डबी जागेवर होती. आत यंत्र नव्हतं.

दहाव्याला त्यांनी कृष्णमूर्ती भटजींना गाठलं. "गेलेल्या माणसाला साखर असते का हो?"

"पिंडाला कावळा शिवला ना?"

"शिवला. पण कावळा बोट टोचून घेतो का?"

भटजींनी विषय बदलला. "वहिनींना जेवायला कुठं आवडायचं?"

"मागच्या पडवीत. मला वाढून झालं की पान घेऊन तिकडं जायची."

"मग तेराव्यापासून तिथं रोज दुपारी पान ठेवा. बघा काय होतं."

तेराव्याला मुकुंदरावांनी पडवीत केळीचं पान ठेवलं. त्यावर गुळभाताचं पोंगल, दोन लाडू, खिरीसारखं पायसम. मागचं दार, धुणं-भांडी हा सगळा वेदवतीचा मुलूख, तिकडं थांबायचा त्यांना धीर होईना. तासाभरानं डोकावले तर पान नाही, शीत नाही, आणि जमीन ओल्या फडक्यानं पुसलेली. फडकं दांडीवर तिच्यासारखंच चौघडी घालून ठेवलेलं! मुकुंदरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

दुसऱ्या दिवशी सहाला आकडा आला, ३७२.

"पोंगल बाधलं!" मुकुंदराव ओरडले.

झालं! भीती गेली पळून. त्यांनी भात बंद केला, नाचणी सुरू केली. शेजारच्या तिरुनागेश्वरमच्या भाजीवालीकडून पिशवीभर कारली आणली. आकडा २४०. मग २०५. मग १७०! पान ठेवताना ते रिकाम्या पडवीला म्हणत, "जिवंत होतीस तेव्हा माझं एक ऐकलं नाहीस. आता बरी ऐकतेस!" आणि साखरेच्या यादीतून नाव उतरवायचा अर्ज त्यांनी गुपचूप फाडून टाकला.

तिसऱ्या आठवड्यात लावण्या दारात उभी. कॉलेजच्या अभ्यासातली मुलगी, बोलायला चुरचुरीत. "मामा, अख्ख्या गावात मामींइतकी सुधारणा कुणाची नाही! फोटो काढायचा आहे. बोलवा ना त्यांना!"

"फोटो आहे," मुकुंदराव म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

लावण्याला फोटोवरचा हार दिसला. "कधी?"

"वीस दिवस झाले."

"मग आज सकाळी सहाला कुणी...?"

दुपारी दोघं पडवीच्या दाराआड उभी राहिली. पान वाढलेलं. सगळं चिडीचूप. मागची कडी जणू आपोआप वर सरकली. लावण्यानं मुकुंदरावांचा दंड धरला. दार करकरलं आणि आत आली भांडीवाली गोदा!

"अय्यो!" गोदा किंचाळली. मुकुंदरावांना ती अय्या म्हणायची आणि वेदवतीला अम्मा. "असं लपून काय बघता, अय्या?"

"तू हे पान...?"

"माझंच ना? अम्मा रोज अर्धं मला द्यायच्या. त्या गेल्या आणि पान बंद झालं. तेराव्याला पुन्हा दिसलं, तर वाटलं अय्यांना माझी आठवण आहे. पण रोज रोज कारलं? मी काय पाप केलं? आज विचारणारच होते!"

लावण्यानं हळूच विचारलं, "आणि यंत्र?"

गोदानं कमरेची पिशवी सोडली. यंत्र त्यात होतं. "यंत्र आलं त्याच दिवशी अम्मांनी मला दिलं, चार महिने झाले. सहाला टोच म्हणाल्या. आमच्या गल्लीत तुम्ही कुठं येता?"

"कालव्यामागची गल्ली?" लावण्याचा चेहरा उतरला. "आमची यादी घरपट्टीच्या नंबरांवरून केली. तिथं नंबरच नाहीत. नकाशावर मी तिथं शून्य रुग्ण लिहिलंय."

"शून्य? चल माझ्याबरोबर, साखरेच्या सहा बायका तर माझ्या भिंतीला लागूनच आहेत!"

मुकुंदराव मध्येच बोलले, "चार महिने? म्हणजे ज्या आकड्यांवरून मी वेदवतीला रोज रागावत होतो..."

"ते माझे, अय्या. अम्मा सुईला भ्यायच्या. तू टोच, माझंही काम होतं, म्हणायच्या."

मुकुंदरावांनी पेन खिशाला लावलं आणि ते म्हणाले, "जेवून घे. मग गल्ली दाखव."

संध्याकाळपर्यंत त्यांनी लावण्यासोबत एक्केचाळीस दारं लिहिली. पहिलं नाव गोदाचं. शेवटी लावण्यानं वेदवतीचा कागद काढला आणि गोदाचे सगळे आकडे त्यावरून खोडले. खाली उरले नुसते रिकामे रकाने. वेदवतीची साखर तपासायची राहिली.