खड्ड्यास हात लावू नये

सातपूरकडच्या एका रो-हाउस सोसायटीतल्या बागा सपाट दिसतात, ही बाब वार्षिक सभेच्या निदर्शनास आली. तातडीने 'पोत व दृश्यरंजकता उपसमिती' नेमण्यात आली. प्रत्येक बागेत किमान तीन पोत आढळले पाहिजेत, खरखरीत, मऊ आणि संकीर्ण, असा ठरावही झाला. संकीर्ण म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही, कारण तेवढ्यात समोसे आले.

आयशाच्या बागेत कढीपत्ता होता, पुदिना होता आणि जियाचा खड्डा होता. तीन वर्षांची जिया रोज दुपारी आमटीच्या मोडक्या डावाने तो खणी, त्यात पाणी ओती आणि करवंटीतून अम्मीसाठी गढूळ चहा आणी. आयशा फुर्र करून पिण्याचं नाटक करी आणि साखर कमी आहे म्हणे. मग जिया गंभीरपणे आणखी चिमूटभर माती घाली.

शेजाऱ्यांनी झपाट्याने पोत आणला. कुणी हरसूलच्या बाजारातून फुटकं उखळ आणलं. राखीताईंनी गुलाब उपटून सुंभाची वेटोळी रचली, कारण फुलांमुळे सुंभ दिसत नव्हता. आयशाच्या नवऱ्याने, फराजने, भंगारातून लोखंडाचा कीस आणून कढीपत्त्याभोवती पसरला. पायाला टोचतो, असं आयशा म्हणाली, तर तो म्हणाला की टोचणारच, पोत आहे.

खड्डा मात्र ठरावातल्या कुठल्याच पोतात बसत नव्हता, म्हणून बुजवावा लागणार होता. आयशा फावडं घेऊन गेली, तर जिया खड्ड्यातच फतकल मारून बसली. तेवढ्यात उपसमिती आली. अध्यक्ष उज्वलाताई खड्ड्यापाशी वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"हे काम कुणाचं?"

"जियाचं."

"कुठे शिकल्या त्या?"

"अजून शाळेतच घातलं नाही, ताई. ही काय, बसलीये."

"तरीच," उज्वलाताई हळूच म्हणाल्या. "कुणाचाही प्रभाव दिसत नाही."

उपसमितीच्या पाहणीत खड्ड्याला पहिला क्रमांक मिळाला. भोवती दोरी आली, वर पत्रा आला, हात लावू नये असा फलक आला. इतरांनीही आपापल्या मुलांना डाव देऊन बाहेर काढलं. पण हाताला माती लागली म्हणून मुलं रडू लागली. शेवटी त्यांचे बालसुलभ खड्डे कंत्राटदाराकडून करून घेण्यात आले.

पुढच्याच दुपारी जिया करवंटी घेऊन दोरीखालून आत शिरली. अनधिकृत व्यक्तीने मूळ कलाकृतीत फेरफार केल्याची नोटीस आली. ती व्यक्तीच कलाकार आहे, असं आयशाने कळवलं. काम पूर्ण झाल्यावर कलाकाराचा कामाशी संबंध राहत नाही, असं उपसमितीने उलट कळवलं. आयशा भांडणार होती. पण फलकावर कुटुंबाचं नाव होतं, आणि कधी नव्हे ते नामपूरच्या नणंदेने फोटो बघून कौतुक केलं होतं. आयशाने दोरीला आणखी एक गाठ मारली आणि रडणाऱ्या जियाच्या हातात मोबाइल दिला.

मोबाइलवर चहा करायचा खेळ आहे. काल दुपारी जियाने तो पुढे धरला. आयशाने काचेला ओठ टेकवले. काच अगदी गुळगुळीत होती.

"साखर कमी आहे गं."

"थांब ना अम्मी," जिया मान वर न करता म्हणाली. "जाहिरात संपल्यावर मिळते."

रविवारी खड्डा सर्वांसाठी खुला असतो. तुम्हीही या. मुलांना सोबत आणू नये, अशी सूचना आहे. पण ती काही तुमच्यासाठी नाही. तुमची मुलं कुठे उठणार आहेत? जाहिरात चालू असेल.