मिस्त्रीसमोर बंद न पडणारी गाडी

अंजूरच्या केसरीनाथ भोईरांची अठरा वर्षांची गाडी महिन्याभरात नवव्यांदा बंद पडली, ती ऐन मानकोली नाक्यावर, मागे कंटेनर भोंगे वाजवत असताना. चौघांनी ती ढकलत मुख्तारभाईंच्या गॅरेजात नेली. मुख्तारभाईंनी नेहमीप्रमाणे टाकीचं झाकण काढून आत काडी बुडवली, "पेट्रोल तो है," म्हणाले आणि चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली.

केसरीनाथ रडकुंडीला आले. "आता बघा, कशी गुणाची झाली! रस्त्यावर माझी इज्जत घालवते."

"सेठ, प्लग बदल दिया, पॉइंट बदल दिया, कॉइल बदल दी, कार्बोरेटर तीन बार खोला. जो मेरे सामने बंद ही नहीं होती, उसका मैं क्या करूं?"

रविवारी गणेशपुरीला मुलीची, सुवर्णाची, सोयरीक जमवायला जायचं होतं. बायको जानकीबाई म्हणाल्या, "सरळ रिक्षा करा."

"रिक्षातून उतरलो तर पावणे काय म्हनतील? दारात गाडी हाय ना आपली!"

"दारात हाय, तीच बरी हाय."

शेवटी केसरीनाथांनी मुख्तारभाईंनाच सोबत घेतलं. गाडी बंद पडेल तेव्हा मिस्त्री समोर असेल, एवढाच त्यांचा हिशेब. वाटेत मुख्तारभाईंनी दोनदा गाडी थांबवायला लावून टाकीत डोकावून पाहिलं. गाडी गणेशपुरीपर्यंत एकदाही अडली नाही.

"म्हंजे आजपन रोग कळायचा न्हाय," केसरीनाथ हताशपणे म्हणाले.

मुलाचे वडील रामनाथ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत ओटीवर उभे होते. तेलकट बोटांच्या मुख्तारभाईंकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कोन?"

"घरचेच हायत," जानकीबाई घाईघाईने म्हणाल्या.

बोलणी झाली, सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, पण रामनाथांनी हो म्हटलं नाही. "विचार करून सांगतो," एवढंच म्हणाले, आणि वर, "मलापन भिवंडीला काम हाय, तुमच्याच गाडीत येतो."

पोटभर जेवलेले मुख्तारभाई गाडीत बसताच घोरू लागले. त्यामुळे वाटेत कोणी टाकीत डोकावलं नाही. अंबाडीच्या पुढे, दोन्हीकडे भातशेती आणि माणूस नाही अशा जागी, गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

मुख्तारभाई दचकून उठले. "बंद पडी? सचमुच बंद पडी? या अल्लाह, तेरा शुक्र!"

"ह्यांना आनंद कसला झाला?" रामनाथांनी विचारलं.

केसरीनाथांनी कपाळ स्टीअरिंगवर टेकवलं. "ते आमचे मिस्त्री हायत," ते कसेबसे म्हणाले. जानकीबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मुख्तारभाईंनी टाकीचं झाकण फिरवलं मात्र, फुस्सकन मोठा आवाज झाला. भिवंडीत गॅरेजच्या आजूबाजूच्या यंत्रमागांच्या खडखडाटात तो कधी ऐकूच आला नव्हता, आणि सकाळी जाताना थोड्या थोड्या अंतरावर झाकण उघडलं तेव्हा तो एवढा झाला नव्हता. त्यांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं.

"इसमें हवा का छेद होता है सेठ. वो बंद है. टाकी में हवा नहीं जाती, तो पेट्रोल आगे नहीं आता. मैं हर बार झाकण खोलता था, इसलिए चालू होती थी!" त्यांनी काडीने भोक कोरलं. "साबुन! कौन गधे ने भरा?"



"मीच," केसरीनाथ म्हणाले. "गेल्या महिन्यात. हिला पेट्रोलच्या वासाने मळमळायचं."

जानकीबाईंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की केसरीनाथांना ती लाडाची की रागाची, काही कळेना. सोयरीक तर गेलीच, असं समजून ते मुकाट्याने चावी फिरवू लागले. गाडी सुरू झाली.

भिवंडी जवळ आल्यावर रामनाथांनी घसा खाकरला.

"बायकोसाठी एवढं करनाऱ्या मानसाच्या घरची पोर वाईट नसनार. सोयरीक पक्की समजा."

केसरीनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"फक्त," रामनाथ म्हणाले, "वरातीला गाडी आमची."