आमची जयपुरी विवाहतिथी

पंचांगाच्या बाबतीत मी आयुष्यात कधीही चुकलेलो नाही, हे विधान मी आजही मागे घेत नाही. छत्तीस वर्षे मी सांगलीच्या पाठशाळेत संस्कृत शिकवले. आमच्या आळीतील निम्म्या मुंजी आणि बहुतेक लग्ने माझ्या बोटांवर मोजलेल्या तिथींना लागली, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती सर्व टिकली आहेत. तेव्हा सन पंच्याऐंशीच्या चैत्रात जे घडले त्याला मी चूक म्हणत नाही. आमची सौभाग्यवती त्याला एक वेगळेच नाव देते, ते यथाक्रम येईल.

निवृत्त झाल्यावर आम्ही उभयता जयपूरला चिरंजीवांकडे राहावयास आलो. प्रभाकर विमा कंपनीत अधिकारी. बनीपार्कात त्याचे बिऱ्हाड. सूनबाई जयंती गुणी आहे. परंतु त्या दोघांना एक आधुनिक व्याधी जडलेली आहे, ती म्हणजे तारीख. लग्नाचा वाढदिवस ते तारखेने करतात. त्या फेब्रुवारीत त्यांनी केक आणला. त्यावर साखरेची गुलाबी फुले होती, आणि ती कोणत्या वनस्पतीची हे निघंटू चाळूनही मला सांगता आले नसते. तो कापून झाल्यावर दोघे हॉटेलात जेवावयास निघाली.

"आप्पा, तुम्ही आणि आईही चला ना," जयंती म्हणाली.

"परान्न, आणि तेही अनोळखी हातचे," मी म्हणालो. "तुम्ही जाऊन या."

ती दोघे गेल्यावर मी आत गेलो, तो आमची सौभाग्यवती अनुसया ठेवणीतली इरकल नेसून, केसांत गजरा माळून पाटावर बसलेली. मला पाहून ती उठली. गजरा काढून तिने ओल्या फडक्यात गुंडाळला आणि माझ्यापुढे दहीभात वाढला. मी बाहेर जेवत नाही, म्हणून चाळीस वर्षांत तीही बाहेर जेवलेली नव्हती. हा विचार त्या दहीभातात खड्यासारखा दाताखाली आला.

गुढीपाडव्यानंतर एके सकाळी प्रभाकराने विषय काढला. "आप्पा, तुमच्या लग्नाला येत्या एकतीस मेला चाळीस वर्षं होतायत. त्या दिवशी आईला बाहेर जेवायला नेणार आहे मी."

"आमचे लग्न एकतीस मेला झालेले नाही."

"मग कधी झालं?"

"शके अठराशे सदुसष्ट, वैशाख वद्य पंचमी."

"म्हणजे एकतीस मेच."

"त्या वर्षी. पंचमी काय तुझ्या कचेरीतील कारकून आहे, दर वर्षी त्याच दिवशी हजर व्हायला?"

"बरं, तिथीला न्या मग," प्रभाकर शांतपणे म्हणाला. "पण न्या."

हा 'पण' मला झोंबला. मी तेथल्या तेथे जाहीर केले की वैशाख वद्य पंचमीस मी स्वतःच्या हाताने घरी पक्वान्न करीन, आणि तुझ्या मातोश्रींना बाहेर जेवावयासही नेईन. तुम्ही दोघांनी त्यात बोटही घालावयाचे नाही. स्वयंपाकघरात एक पळी पडल्याचा आवाज झाला. अनुसया दाराशी आली.

"बाहेर? खरंच?"

"माझा शब्द आहे."

दर वर्षी सांगलीहून आमचे चुलतबंधू उत्तमराव पंचांग पाठवितात. त्या वर्षी ते टपालात कोठेतरी अडकले होते. पाडव्याचे पंचांगवाचनही मी शेजारच्या भगवानसहायजींकडून आणलेल्या जयपुरी पंचांगावरच केले होते. तिथी ही आकाशात असते, छापखान्यात नसते. मी पाने उलटली. वैशाख, कृष्ण पक्ष, पंचमी. अवघे अकरा दिवस उरले होते. मी देव्हाऱ्यापुढे जाऊन तिथी मोठ्याने जाहीर केली, आणि झोपाळ्यावर बसविलेल्या चैत्रगौरीला मोगऱ्याचे फूल वाहिले. अनुसया तेथेच वाती वळीत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा गौरीकडे पाहिले आणि पुन्हा वातीकडे लक्ष घातले.

पक्वान्न म्हणून मी अनारसे योजिले. आमच्या लग्नात रुखवतात अनारशांचे ताट होते आणि त्यातील सहा मी एकट्याने संपविले होते. अकरा दिवस त्या पाकाला नेमके पुरेसे आहेत. तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी पालटले. चौथ्या दिवशी सावलीत फडक्यावर पसरून, जरा दमट असतानाच कुटावयाचे, असा विधी आहे. परंतु जयपूरच्या वाऱ्याला दमट हा शब्दच ठाऊक नाही. मी संध्या आटोपून येईतो तांदूळ वाळूसारखे खडखडीत झाले. कुटून चाळले तेव्हा पीठ निम्मेच निघाले. उरली ती कणी. गूळ मात्र मी भिजल्या तांदळाएवढा आधीच किसून ठेविला होता, आणि तो शब्दाला जागणारा असल्यामुळे होता तेवढाच राहिला. मी तो सर्व पिठात घातला.

"गूळ जास्त झालाय हो," अनुसया दारातून म्हणाली.

"ठरविले प्रमाण बदलावयाचे नसते."

"मग हसतील ते."

अनारसा तुपात विरघळून पसरला की तो हसला, असे आमच्या बायका म्हणतात.

"हसू देत," मी म्हणालो.

पंचमीस सकाळी कढई चढविली. पहिला अनारसा हसला. दुसरा हसला. पाचवा खदखदला. अकरावा तर इतक्या मोकळ्या मनाने हसला की कढईत अनारसा असा उरलाच नाही, तुपावर केवळ खसखस तरंगत राहिली. जयंती पदर तोंडाला लावून खोलीत निघून गेली. अनुसयेने झाऱ्याने तो सर्व चुरा निथळून काढला आणि पितळी डब्यात भरला.

"हा घेऊन जाऊ बरोबर," ती म्हणाली. "इथले लोक चुरमा खातातच."

बाहेरच्या भोजनाची व्यवस्था भगवानसहायजींनी केली होती. जुन्या शहरात, चारदीवारीच्या आत, त्यांच्या ओळखीच्या सेठजींचे एक वैष्णव भोजनालय होते. कांदा-लसूण वर्ज्य, पाटावर बैठक, स्वयंपाकी ब्राह्मण. माझी एवढीच अट होती. "शास्त्रीजी, आप बस पधारिए," असे म्हणून त्यांनी मला निश्चिंत केले होते. त्या सद्गृहस्थाने चाळीस वर्षांची वार्ता साऱ्या गल्लीत सांगितली आहे, हे मला तेथे पोहोचल्यावर कळले. मी पीतांबर नेसून, पाण्याचा तांब्या हाती धरून रिक्षातून उतरतो तो सेठजींनी माझ्या मस्तकावर वीस हात लांबीचा, लाटांसारख्या पट्ट्यांचा लहरिया साफा बांधावयास घेतला. सनईवाला दाराशीच होता. रस्त्यावरची माणसे थांबून वराचे वय पाहू लागली.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"चालू द्या हो," अनुसया म्हणाली. "लग्नात तुमचं पागोटं डोळ्यांवर आलं होतं. हे बरं बसलंय."

तिने तीच इरकल नेसली होती. गजरा मात्र ताजा होता.

पाटावर बसलो. थाळ्यांत डाळ, बाटी, चुरमा, बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आणि मूठभर भात आला. मी थाळीभोवती पाणी फिरविले आणि उजव्या अंगास भाताच्या चित्राहुती घातल्या. वाढप्याला वाटले, म्हाताऱ्याचा हात थरथरतो. त्याने फडक्याने त्या पुसून टाकल्या. मी पुन्हा घातल्या. त्याने पुन्हा पुसल्या. तिसऱ्या खेपेस मी त्या तळहाताने झाकून धरल्या आणि डोळे मिटून आपोशन घेतले. देवांना त्या दिवशी घाईने जेवावे लागले.

येथपर्यंत सर्व सुरळीत होते. आता पाहा, पानात अन्न टाकू नये, हा आमच्या घराण्याचा सात पिढ्यांचा नियम. पान स्वच्छ झाले की वाढणाऱ्याने समजावे, पाहुणा तृप्त झाला. जयपूरचा नियम नेमका उलट. तेथे थाळी रिकामी दिसली की यजमानाची मान खाली जाते, आणि ती वर काढण्यासाठी तो पुन्हा वाढतो. मी दोन बाट्या संपविल्या, दोन आल्या. त्या संपविल्या; पुन्हा दोन आल्या, वर तुपाची धार.

"पुरे," मी म्हणालो.

"बाबूजी, एक तो लेनी पड़ेगी."

"बस."

"बस के बाद वाली एक," सेठजी हात जोडून म्हणाले. "चालीस साल की मनुहार है." मनुहार म्हणजे तिकडचा जेवणाचा आग्रह.

अनुसया माझ्याकडे झुकली. तिच्या थाळीच्या कोपऱ्यात चुरम्याचा एक घास राखलेला होता आणि ती सुखाने डाळीची वाटी ओठी लावीत होती. तिला कोणीही त्रास देत नव्हते.

"एक घास कोपऱ्यात राहू द्या," ती हळूच म्हणाली. "म्हणजे वाढत नाहीत. भगवानजींकडच्या बायकांनी शिकवलंय मला."

"अन्न टाकू म्हणतेस?"

"टाकू नका. उठताना खा."

"वाढप्याच्या भयाने मी नियम मोडणार नाही."

"मग खा."

मी खाल्ले. अकरा बाट्या मी धर्मरक्षणार्थ खाल्ल्या. सातव्या बाटीनंतर शेजारच्या पंक्ती जेवण थांबवून पाहू लागल्या. नववीनंतर सनईवाला आत आला. अकरावीनंतर माझा आवाज इतका खोल गेला की माझा 'नको' कोणास ऐकूच आला नाही. बारावी बाटी थाळीकडे येत असता अनुसयेने हात पुढे करून ती स्वतःच्या थाळीत घेतली आणि डबा उघडून सेठजींपुढे धरला.

"ये हमारे यहाँ की मिठाई," ती तिच्या नव्या हिंदीत म्हणाली. "इन्होंने खुद बनाई."

सेठजींनी हसलेल्या अनारशांची चिमूट तोंडात टाकली, क्षणभर डोळे मिटले आणि विधी विचारला. मी त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. भगवानसहायजींनी डबा पंक्तीत फिरविला. तो रिकामा परत आला.

घरी येऊन मी देवघरातील चटईवर उताणा पडलो. साफा सोडावयाचेही त्राण नव्हते. समोर झोपाळ्यावर चैत्रगौर बसली होती. पंख्याच्या वाऱ्याने झोपाळा हलत होता. अनुसया पेला घेऊन आली.

"पन्हं घ्या. जरा हलकं वाटेल."

"आज पन्हे कशाला केलेस?"

"उद्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू ना. जयंतीनं बायका बोलावल्यात. म्हटलं, तुम्हाला आधी द्यावं."

"वैशाखात चैत्रगौर?" मी विचारले, आणि विचारताच पेला तोंडाशी थांबला.

हे मी छत्तीस वर्षे वर्गात शिकविले आहे. आमच्याकडे महिना अमावास्येस संपतो, उत्तरेत पौर्णिमेस. शुक्ल पक्षात दोन्ही पंचांगे सख्ख्या भावांप्रमाणे हातात हात घालून चालतात. वद्य पक्ष आला की उत्तरेचे पंचांग एक महिना पुढचे नाव घेते. येथील वैशाख कृष्ण पंचमी म्हणजे आपली चैत्र वद्य पंचमी. हनुमान जयंती होऊन पाचच दिवस झाले होते. अक्षय्य तृतीया अजून दूर होती, आणि तोवर झोपाळ्यावर राहणाऱ्या गौरीला मी अकरा दिवस रोज स्वहस्ते फूल वाहत होतो.

"तुला केव्हा कळले?"

"वाती वळत होते तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षांनी तुम्ही आपण होऊन बाहेर नेतो म्हणालात," ती माझ्या साफ्याची गाठ सोडवीत म्हणाली. "पंचमी कुठली, असं विचारलं असतं तर तुम्ही ग्रंथ काढला असतात. तो मिटेपर्यंत माझं जेवण गेलं असतं."

"चूक झालेली नाही," मी म्हणालो. "ज्या देशी राहावे तेथील आचार प्रमाण. आपण आज जयपुरी रीतीने तिथी साजरी केली."

"हो ना. आता पुढच्या महिन्यात आपल्या रीतीने करू. तेव्हाही जाऊ."

"आणि प्रभाकराची तारीख?"

"पोराचं मन मोडायचं का?" साफ्याची घडी घालून ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "तरी मी म्हणत होते, अनारसेच का सुचले तुम्हाला. अधिक महिन्यात करतात ना ते. आपल्याकडे अधिक महिना आकाश पाहून येतो, इथे तुम्हीच आणलात."

त्या दिवसापासून ती त्याला शास्त्रीबुवांचा अधिक महिना म्हणते. माझा त्यावर आक्षेप आहे आणि तो मी वेळोवेळी नोंदविला आहे.

मे महिन्यात आपली वैशाख वद्य पंचमी आली तेव्हा मी प्रभाकरास सांगितले की आज आमची विवाहतिथी आहे.

"ती झाली ना मागच्या महिन्यात?"

"ती येथील होती."

प्रभाकराने आईकडे पाहिले. आई गजरा माळीत होती. त्याने पुढे काही विचारले नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्या दिवशी सेठजींच्या पंक्तीत मी थाळीच्या कोपऱ्यात एक घास राखला, आणि उठताना खाल्ला. त्याने नियम मोडत नाही, असे विचारांती माझे मत झाले आहे.

एकतीस मेला आम्ही चौघे हॉटेलात गेलो. जेवणानंतर केक आला. त्यावरील गुलाबी फुले कोणत्या वनस्पतीची, हे मी विचारले नाही. दोन खाल्ली.