परबकाकांचा दंड

बंदुकीत दारू भरायला विसरणारा नेमबाज मी एकच पाहिलाय, आणि तो दर महिन्याला न चुकता विसरायचा. आमचे परबकाका.

शारजाच्या औद्योगिक भागात आमचं वर्कशॉप आहे, काका तिथे स्टोअरकीपर. कुडाळकडे त्यांचं लहानपण काजूच्या बागेत ठासणीच्या बंदुकीचे बार काढून माकडं हाकलण्यात गेलं. नळीत आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. जेवणाचा डबाही ते असाच भरतात. त्यातला भात काढायला चमच्याची दांडी लावावी लागते. "घाई कित्याक?" हे त्यांचं पालुपद. फोर्कलिफ्ट अंगावर आली तरी तेच.

महिन्यातून एका रविवारी वाळवंटातल्या शूटिंग क्लबवर ठासणीचे शौकीन जमतात. गाडी माझी, म्हणून मीही जातो. म्होरके अबू राशिद. आजोबांची चांदीच्या पट्ट्यांची बंदूक जपणारे अमिराती गृहस्थ. एक बार उडाला की एवढा धूर होतो, की नेम लागला का हे कळायला थांबावं लागतं. तेवढ्यात गप्पा होतात. खरं तर लोक त्यासाठीच येतात.

दारू न घालता गोळी ठासली तर चाप ओढल्यावर नुसतं फुस्स होतं. मग सगळ्यांना थांबवून, गजाला स्क्रू लावून ती गोळी उपसावी लागते. ज्याच्या हातून हे घडेल त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा, हा तिथला दंड. तो कायम काकांनाच बसायचा. "वय झालं," म्हणत ते कपाळाला हात लावायचे आणि माझ्या डिकीतून शेगडी, पातेलं, आलं, गवती चहा काढायचे. विसरभोळ्या माणसाची ही जय्यत तयारी मला कधी खटकली नाही, यावरून माझी अक्कल ओळखा.

जानेवारीत अबू राशिदना त्यांची दया आली. ते घरूनच चहाचे दोन मोठे थर्मास घेऊन आले. "परब भाई, आज से जुर्माना खलास. आप आराम से फायर करो."

त्या दिवशी काकांनी दारू नीट भरली आणि पहिल्याच बाराला नेमाची लोखंडी ताटली वाजवली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. काकांचं तोंड मात्र एवढंसं झालं.

मग आम्ही परत निघालो. शारजातल्या रोल्ला भागात त्यांच्या बिल्डिंगखाली गाडी थांबवली तरी काका उतरेनात.

"बायको गेल्यापासून खोलीवर एकच कप चहा टाकतो," ते म्हणाले. "एका कपाला आलं किती घालायचं, अजून कळत नाही बघ. तिथे पातेलंभर करायला मिळायचा."

मला फार वाईट वाटलं. मी घरी पोचताच अबू राशिदना फोन केला. त्यांनी काकांची ती एका कपाची गोष्ट ऐकून घेतली. मग फक्त "इन्शाल्ला" म्हणाले.

पुढच्या खेपेला थर्मास आलेले नाहीत, हे काकांनी गाडीतून उतरताच पाहून घेतलं. थोड्या वेळाने त्यांची बंदूक फुस्स झाली. अबू राशिदनी जमेल तेवढं रागावून पाहिलं. "जुर्माना, परब भाई." काका आधीच उठले होते.

चहा वाटून झाला. सगळे फुंकर घालत पीत होते. काका आपला कप हातात धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"काका, तुमचा निवतोय," मी म्हटलं.

"निवू दे. तुम्ही प्या. मी बघतोय."