पोचलं म्हणणारी वनूताई

गोंदिया स्टेशनबाहेर एका ऑटोवाल्यानं वनूताईला विचारलं, "मॅडम, मुर्री?"

ताई म्हणाली, "पोचलं."

ऑटोवाल्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या रिकाम्या सीटकडे, आणि म्हणाला, "अभी तो बैठी भी नहीं, मॅडम."

हे माझ्यासमोर घडलं. तिची पिशवी धरून मीच शेजारी उभा होतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत की वनूताईच्या भाषेत 'पोचलं' म्हणजे तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं, उत्तर सवडीनं मिळेल. उत्तर मात्र हमखास मिळायचं. सकाळी विचारावं, "ताई, चहा घेता का?" तर ती मान न वळवता म्हणणार, "पोचलं." आणि दुपारी कारखान्यात मी शिडीवर चढून वायर ओढत असताना खालून आवाज यायचा, "हो, घेतो. साखर कमी." आमच्याकडे बायकाही 'घेतो, जातो'च म्हणतात, त्यामुळे नवा माणूस दोनदा चक्रावायचा.

एका लग्नात तर वाढप्यानं भात विचारला. ताई "पोचलं" म्हणाली आणि तो पुढे गेला. थोड्या वेळानं ती पान सोडून उठली, दोन पंगती ओलांडून त्याला गाठलं आणि म्हणाली, "थोडा वाढा जी." वाढप्या विसरून गेला होता. ताई कधी विसरत नसे.

आणि मधेच कोणी दुसऱ्यांदा विचारलं तर संपलंच. "एकदा पोचलं म्हटलं नं? आता दार लावलं हाय. तुयं काम झालं का उघडतो." आमच्या मालकांना आम्ही भैयाजी म्हणायचो. त्यांचा पहिला फोन ती उचलायची, "पोचलं" म्हणायची, आणि ते काम होईपर्यंत त्यांचे बाकीचे फोन कापायची. भैयाजी माझ्याकडे येऊन म्हणायचे, "दिलीप, मालिक मैं हूँ या वो?" मी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागायचो. मला दोघांबरोबर काम करायचं होतं.

वनूताई, म्हणजे वनमाला रामटेके, मूळची गोंदियाजवळच्या मुर्रीचीच. इंजिनियर होऊन हैदराबादला गेली, तिथं बरीच वर्षं नोकरी केली, आणि आईची तब्येत बिघडली तेव्हा परत आली. आमचा कारखाना मिलींसाठी तांदूळ निवडण्याची यंत्रं बनवायचा. तांदूळ उंचावरून घसरत येतो, कॅमेरा त्याला पाहतो, काळा दाणा दिसला की हवेची एक फुंकर त्याला बाजूला उडवते. दाणा काही थांबत नाही, त्यामुळे फुंकर नेमक्या क्षणाला मारावी लागते. हे सगळं सांभाळणाऱ्या संगणकाचा अगदी तळातला प्रोग्राम, ज्याला कर्नल म्हणतात, तो ताईकडे होता. आमच्या चौकीदारानं हे कुठून तरी ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो तिला सलाम ठोकायला लागला. "कर्नल मॅडम" म्हणायचा. तिनं त्याला तीनचारदा समजावलं. तो म्हणाला, "जी, कर्नलसाब," आणि पुन्हा सलाम.

मी वायरिंगचा माणूस. तिच्या कामातलं मला जे कळलं ते तिनंच, धानाच्या पोत्यावर बसून समजावलं होतं.

"पाय दिलीप, कॅमेरा हाक मारते. हाकेले पटकन ओ द्याची. पन काम तिथंच करत नाई बसाचं, नाईतर दुसऱ्याची हाक आयकू येनार नाई. काम एका गड्याले सोपवाचं. त्याले थ्रेड म्हनतात. कोन्या गड्याचं काम पयले, कोन्याचं मंग, ते आपन ठरवाचं."

"म्हणजे लवकर व्हावं म्हणून," मी म्हणालो.

"लवकर नाई. वेळेवर. घाई वेगळी अन् वेळ वेगळी."

हे वाक्य ती भैयाजींनाही ऐकवायची. त्यांना ते आवडत नसे, कारण त्यांच्याकडे दोन्हींची टंचाई असायची.

ही गोष्ट दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची. आधी प्रत्येक यंत्रात दोन संगणक असत. एक दाणे पाहणारा, दुसरा मिलवाल्याला हिंदीत रंगीत आकडे दाखवणारा. भैयाजींनी खर्च कमी करायला एकाच संगणकात दोघांची सोय करायला सांगितली. ताईनं केली. "एक घर, दोन भाडेकरू," ती म्हणायची. "अन् खाली दोघाईले सांभाळनारा एक प्रोग्राम, तो घरमालक. बाहेरची हाक पयले त्याच्याकडं येते, मंग तो वर सांगते." रंगीत आकडेवाल्या भाडेकरूला ती 'नवरदेव' म्हणायची, कारण तो नुसता नटून बसायचा.

नवीन यंत्र पहिल्यांदा गोंदियातल्याच एका मिलीत बसवलं. धान यायला सुरुवात झाली होती, मिलवाले घाईत होते. दाणे झकास उडत होते. भैयाजी खुशीत होते. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर कोंडा बसतो, तो पुसायला आत एक वायपर फिरतो, आणि कोपऱ्यातला कोंडा मात्र दार उघडून फडक्यानं पुसावा लागतो. दार उघडलं की वायपर थांबलाच पाहिजे. भैयाजींनी मिलवाल्याला दाखवायला म्हणून दार उघडलं आणि आपल्याच रुमालानं काच पुसली. वायपर थांबला नाही. तो आला आणि रुमाल ओढून घेऊन गेला.

मिलवाला हसला. भैयाजीही हसले. "एक रुमाल ही तो गया."

ताई हसली नाही. ती मागे उभ्या असलेल्या बाईकडे पाहत होती. देवकाबाई तिचं नाव. मिलीत झाडलोट करायची, आणि ही काच रोज पुसायचं काम तिला मिळणार होतं. तिच्या हातात फडकं तयार होतं.

ताईनं जाऊन मेन स्विच खाली केला.

"अरे, चालू कार्यक्रमात?" भैयाजी म्हणाले.

"कार्यक्रम झाला जी. मशीन बंद. दुसऱ्या पन जानार नाईत."

"वनमालाजी, तीन मिलवाले मेरी जान को लगे हैं."

"लागू द्या. हात आले तर वायपरले लागतीन."

त्याच दुपारी यंत्र कारखान्यात परत आलं आणि तिनं मला सांगितलं, "तू दाराची तार सीधी मोटरले टाक. कंप्युटरले विचारायची गरजच ठेवू नको. मी कर्नल पाहातो." मी तार टाकली. दार उघडलं की मोटरची वीजच तुटायची. भैयाजींनी दहादा दार उघडून पाहिलं आणि हात जोडले. "हो गया ना? अब भेज दो."

"हात वाचला," ताई म्हणाली. "पन मशीन बहिरी काऊन झाली ते नाई समजलं. आज दाराची हाक आयकली नाई, उद्या आनखी कायची आयकनार नाई."

"तो अटक जाए तो अपने आप बंद होके चालू हो जाए, ऐसा कर दो."

"घरात कोनी हाक मारून राहिलं अन् आपल्याले आयकू येत नाई, तर घर पाडून बांधता का जी?"

भैयाजी माझ्याकडे पाहून निघून गेले.

मग भेंडीचे दिवस आले. माझी तार काढून ठेवल्याशिवाय कर्नलची चूक दिसणार नव्हती, आणि तार काढल्यावर आत हात घालणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं. ताईनं बाजारातून भेंडी आणली. बोटाएवढी, बोटासारखी. काचेवर मूठभर कोंडा टाकायचा, दार उघडायचं, लांब चिमट्यात भेंडी धरून आत घालायची. वायपर यायचा आणि भेंडी चपटी व्हायची. कारखानाभर भेंडीचा वास आणि चिकट काच. चौकीदार म्हणाला, "कर्नलसाब, गंवार की फल्ली सस्ती पड़ेगी." त्या आठवड्यात घरी बायकोनं भेंडी केली आणि मी ताटावरून उठलो.

एक दिवस मी स्क्रू आवळत होतो तर ताई मागून म्हणाली, "सापडलं."

मी स्क्रूड्रायव्हर ठेवून तिच्याजवळ गेलो.

"काचीवर कोंडा बसला का कॅमेरा सारखा वरडते. वरच्या भाडेकरूनं ओ देली, काम गड्याले सोपवलं. इथवर बराबर. पन ओ आयकल्याबरोबर खालचा घरमालक हाकेचं दार उघडून देते. गड्यानं अजून कामाले हात नाई लावला, कॅमेरा वरडूनच राहिला, तर हाक अंदर. पुन्हा ओ. पुन्हा हाक. दिवसभर ओच देऊन राहिला, तर काम कवा होईल? अन् वायपरच्या दाराची हाक त्याच रस्त्यानं येते. ते मागं उभीच."

"मग आधीच्या मशीनमध्ये असं काऊन नाही झालं?"

"तवा घरमालक नव्हता." तिनं हातातली भेंडी खाली ठेवली. "दोघाईले एका घरात मीच बसवलं. मलेच पाहाले पायजे होतं."

इलाज ऐकायला साधा होता. गड्यानं काम पूर्ण करून स्वतः सांगितल्याशिवाय घरमालकानं ती हाक आत सोडायची नाही. आणि वायपरच्या दाराला वेगळा रस्ता, त्याचा गडी सगळ्यांच्या आधी. ऐकायला साधा म्हणजे करायला साधा नव्हे. मधे दोनदा नवरदेव बेशुद्ध पडला आणि एकदा सगळ्या फुंकरी एकदम सुटून चांगला तांदूळ भैयाजींच्या डोक्यावर अक्षतांसारखा पडला. पण शेवटी भेंडी शाबूत राहिली. ताईनं ओंजळीनं कोंडा टाकला, नवरदेवाला मुद्दाम जड काम दिलं, पुन्हा पुन्हा भेंडी घातली. प्रत्येक भेंडी जशी गेली तशी बाहेर आली. त्या भेंड्या चौकीदारानं घरी नेल्या.

आम्ही यंत्र घेऊन परत मिलीत गेलो. माझी तार जागेवर, तिचा कर्नल जागेवर. देवकाबाई काही पुढे येईना. रुमाल तिनं पाहिला होता.

"माहा हात गेला तं मी खाऊ काय?" ती म्हणाली.

ताईनं बाही सारली, दार उघडलं, हात आत घातला. वायपर थांबलेला. दार लावलं, वायपर चालू. पुन्हा उघडलं, पुन्हा हात. असं ती करतच राहिली. भैयाजी घड्याळ पाहत होते, त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. शेवटी देवकाबाई म्हणाली, "बस कर वो बाई, समजलं," आणि फडकं घेऊन पुढे झाली. तिनं कोपरा पुसला तेवढा वेळ ताईनं तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

जेवणाची सुट्टी झाली. भैयाजी मिलवाल्याबरोबर गेले. मी तारा गुंडाळून ताईला शोधत बाहेर आलो तर ती कोंड्याच्या पोत्यांजवळ बायकांच्या घोळक्यात बसलेली. देवकाबाईनं डब्याच्या झाकणात भात काढून तिच्यापुढे ठेवला, वर लाखोळीची डाळ.

"घरी कोन हाय वो तुयं?" देवकाबाईनं विचारलं.

"कोनी नाई. माय होती. पोळ्याच्या आधी गेली." ताई भात कालवत होती. "ते पन मिलीतच कामाले होती. सूप घेऊन काळे दाने वेचे. मी शाळेतून आलो का तिच्याजवळ बसून जेवत होतो. अशाच बाया राहत सगळ्या."

"आता तं तुयी मशीन वेचते," एक जण म्हणाली.

"हो," ताई म्हणाली. देवकाबाईनं तिला न विचारता आणखी भात वाढला आणि लोणच्याची फोड ठेवली. ताई जेवली. भोंगा होईपर्यंत बसून राहिली, कोणाच्या नातीला दात आले आणि कोणाची गाय आटली ते ऐकत.

परतताना माझ्या मोटरसायकलवर मागे बसून ती म्हणाली, "दिलीप, उद्या तिरोड्याच्या मिलीत जाऊन येऊ का?"

"तिथली मशीन जुनी आहे ताई. दोन संगणकवाली. बरोबर चालते ती."

"हो, चालते."

थोडा रस्ता गेला. धानाच्या बैलगाड्या समोरून येत होत्या, त्यांना जागा द्यायला मी गाडी बाजूला घेतली.

"जेवनाच्या सुट्टीच्या आधी पोचू असं निघू," ती म्हणाली.

आम्ही गेलो. मशीन व्यवस्थित चालू होती. ताईनं तिच्यावर दुरूनच एक नजर टाकली आणि बायका डबे उघडत होत्या तिकडे, पिशवीतून स्वतःचा डबा काढत, चालत गेली.