दोनदाच 'नको'

"दोनदाच?" गोलनार कडाडली. "वरच्या मजल्यावरच्या अख्तर खानम दोनदाच नको म्हणाल्या, आणि बाटली उचलून चालत्या झाल्या?"

"हो गं बाई!" तिच्या आईनं, तूरान खानमनं, कपाळावर हात मारला. "म्हणाल्या, काय निळं आहे, जणू अंगठीचा खडा! मग मी गप्प बसू? म्हटलं, तुमचंच आहे, घेऊन जा. त्या म्हणाल्या, नको. मी म्हटलं, घ्याच. त्या म्हणाल्या, छे छे, नको. मी तिसऱ्यांदा म्हटलं. आता तिसऱ्यांदा माणसानं नको म्हणायचं असतं की नाही? कुठं वाढल्यात या बाई?"

इराणमधल्या झंजानच्या त्या चार मजली इमारतीत असला प्रकार कधी घडला नव्हता.

ती बाटली एकेचाळीस दिवस लोणच्याच्या बरण्यांमागे बसली होती. व्हॅनेडियमचा क्षार आणि पिरिडिनच्या कुळातलं एक द्रव्य गोलनारनं त्यात एकत्र विरघळवलं होतं. झाकणाला सुईएवढं भोक. त्यातून द्रव हळूहळू उडायचा आणि तळाशी स्फटिक वाढायचा, पोटातल्या लेकरासारखा, कुणाला न सांगता. प्रयोगशाळेत शेजारच्या पंपाच्या हादऱ्यानं अकरा वेळा नुसता चुरा पडला, म्हणून तिनं हा बारावा घरी आणला होता. हलेल म्हणून ती बाटलीला बोटही लावत नसे, लांबूनच बघायची. त्यातले अणू कसे बसलेत हे दाखवणारं क्ष-किरणांचं यंत्र तेहरानला, आणि तिथला तिचा नंबर उद्या सकाळी. हुकला तर पुढचा चार महिन्यांनी. प्रबंधाची मुदत मात्र दोनच महिने.

"मग मागून आण," गोलनार म्हणाली.

"दिलेलं मागू? त्यापेक्षा मी गाव सोडते! तूच जा. पण मागायचं नाही हं. नुसतं कौतुक कर. त्या आपोआप घे म्हणतील."

गोलनार वर गेली. बाटली टीव्हीवर, कागदी गुलाबांशेजारी विराजमान होती. चहा झाला.

"किती सुंदर आहे हो!" ती बाटलीकडे बघत म्हणाली.

"सुंदर तर तुझी नजर गं! तुझ्यावरून ओवाळून टाकली, घेऊन जा."

"छे, नको!" अठ्ठावीस वर्षांचं वळण, जीभ आपणहून वळली.

"घे म्हणते ना."

"नको हो, खरंच."

"माझी शपथ, घे!"

आता हो म्हणायचं, असं गोलनारनं मनाशी पक्कं केलं. तोंडातून आलं, "नाही म्हणजे नाहीच!"

ती खाली आली तेव्हा हातात गाजराच्या मुरंब्याचा वाडगा होता. त्याच्याकडे तिनं नुसतं पाहिलं होतं.

"आता उद्या यंत्रात मुरंबा ठेवू?" ती आईवर उखडली.

तेवढ्यात दार वाजलं. दारात अख्तर खानम, लालबुंद. मागे त्यांचे यजमान उस्ताद यदोल्लाह, बाजारातले जुने अंगठीवाले. एका हातात भिंग, दुसऱ्यात बाटली.

"तूरान खानम, हाच का शेजारधर्म? जोडाचा खडा दिलात?"

"दिला? तुम्ही घेतलात! दोनदाच नको म्हणून!"

"भांडू नका," उस्ताद म्हणाले. "पोरी, तूच बघ. मधोमध शिवण आहे. हा एक नाही, दोन आहेत, एकमेकांत घुसलेले."

गोलनारनं भिंग लावलं. खरंच होतं. असल्या जुळ्या स्फटिकाचं यंत्रात काही धड वाचता येत नाही. बारावाही गेला. तिचे डोळे भरून आले.

"अगं, रडतेस कशाला?" उस्ताद विरघळले. "तळाशी ती खसखशीएवढी कणी दिसते? ती मात्र एकसंध आहे. चाळीस वर्षं खडे पाहतोय मी. पण एवढीशीची अंगठी थोडीच होणार!"

गोलनारनं पुन्हा भिंग लावलं. स्वच्छ, सरळ कडांची, एकटी. आणि यंत्राला तर खसखशीएवढीच लागते!

"उस्ताद, किती सुंदर आहे हो!"

"तुझीच आहे बेटा, घेऊन..."

"घेतली!"

'जा' त्यांच्या तोंडातच राहिलं. बाटली तिच्या मुठीत होती.

दुसऱ्या दिवशी गोलनारची बस तेहरानला पोचण्याआधी बातमी चारी मजले फिरून आली. अख्तर खानम जिन्यात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "मी निदान दोनदा तरी म्हटलं होतं हो! या मुलीनं एकदासुद्धा नको म्हटलं नाही. आणि म्हणे डॉक्टर होणार!"