दामले सरांनी मैदानावर आखलेली पदवी

दामले सर सदाशिव पेठेतून धायरीच्या कॉलेजात स्कूटर ढकलत येतात. स्कूटर बंद नाही. पेट्रोलही असतं. पण बसलं की त्यांचं डोकं चालत नाही, आणि स्कूटर घरी ठेवली तर म्हणे तिला वाईट वाटतं. वाटेत कुणी विचारलं, "काय सर, बंद पडली का?" तर म्हणतात, "तिचं ठीक आहे. मी विचार करतोय."

मी चौथी शिकलेला माणूस. पण घराचा पाया आखायला, सुतळी ताणून चुन्याची फक्की मारायला अख्ख्या धायरीत अजून मलाच बोलावतात. इंजिनियरची रेघ वाकडी जाईल, माझी जाणार नाही. म्हणून सर माझ्या दारात आले.

"आबा, एक पदवी आखायचीय."

"लांबी-रुंदी सांगा."

"चार वर्षं."

सरांचं म्हणणं असं, की पोरांनी एकच विषय धरून बसू नये. इतिहासवाल्यानं थोडं झाडपाल्याचं शिकावं, हिशेबवाल्यानं गाणं. मी म्हटलं, "म्हणजे बाजरीत तूर. आमचा आजाही घ्यायचा. यात तुम्ही शोध काय लावला?" सरांनी खूश होऊन माझ्या अंगणाला तीन फेऱ्या मारल्या.

ही पदवी संस्थेनं दोनदा परत पाठवली होती. आता त्याच दिवशी चार वाजता शेवटची बैठक. सगळ्या विषयांच्या प्रमुखांच्या सह्या नसल्या तर प्रकरण कायमचं बंद. कागदावर कुणालाच काही कळत नव्हतं, म्हणून सरांनी ती मैदानावर आखायची ठरवली. एका विषयाला एक चौकोन. "कागद खोटं बोलतो, आबा. पायाला विचारा."

दुपारी प्राध्यापक मंडळी उन्हात छत्र्या घेऊन आपापल्या चौकोनात उभी राहिली. पाच मिनिटांत बांधाचं भांडण सुरू.

"अहो, तुमचं अर्थशास्त्र माझ्या इतिहासात आलंय," इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या.

"आपणच सरकून उभ्या आहात," अर्थशास्त्रवाले म्हणाले.

"मी? दोन हजार वर्षं आहेत माझ्याकडं. ती एवढ्यात मावतील?"

रसायनवाल्यानं तर चप्पल काढून हद्दीवर ठेवली. एवढी शिकलेली माणसं अगदी आमच्या भावकीसारखी भांडताना बघून मला बरं वाटलं. पण घड्याळात तीन वाजून गेले तसा मी ओरडलो, "आरं, वाट कुठं हाय?"

सरांच्या नकाशात वाटच नव्हती. पोरं या चौकोनातून त्या चौकोनात जाणार कुठून, उडून? रान वाटून घेतलं आणि वहिवाट सोडली नाही, तर सगळ्यांचंच पडीक राहतं. हे कुठल्या पुस्तकात नसलं तर तो पुस्तकाचा दोष.

वाटेला सहा फूट जागा लागणार होती. मॅडम आभाळाकडं बघायला लागल्या. अर्थशास्त्रवाले म्हणाले, "तत्त्वतः मान्य," आणि त्यांनी पाय आणखी घट्ट रोवले.

तेव्हा दामले सर मधल्या चौकोनात गेले. तो त्यांचा स्वतःचा, तत्त्वज्ञानाचा. त्यांनी पायानं फक्की पुसायला घेतली. एक बाजू, मग दुसरी, मग चारी.

"इथून जाऊ द्या वाट," ते म्हणाले. "या विषयाला तशीही दोनच मुलं येतात."

सह्या झाल्या. बैठकीत पदवी मंजूर झाली. मंडळी सरांशी हात मिळवून, गाड्या काढून घरी गेली. सरांनी तीन वर्षं घासून पदवी केली, आणि तिच्यात त्यांचा विषयच राहिला नव्हता.

मी सुतळी गुंडाळत होतो. सर मैदानातच उभे. जमीन गेलेल्या माणसाला काय विचारू नये ते मला कळतं. माझीपण गेलीय.

"आबा, उद्या याल का?"

"आखणी झाली की. आता काय काम?"

"काम नाही. असंच."

मी त्यांच्याकडं बघितलं. "दहाला येतो," म्हटलं. "पण मला काही शिकवायचं नाही."

सर म्हणाले, "कबूल."